झोपू दे त्यांना

‘झोपेत गेले, भाग्यवान माणूस!’ हे वाक्य गेल्या दीड महिन्यात मी इतक्या वेळा ऐकलं आहे की, कुणी दारात चपला काढायला लागलं की मला आधीच कळतं, हा आता तेच म्हणणार. सायखेड्याहून आलेले थोरले दीर तेच म्हणाले, शेजारच्या बाई तेच म्हणाल्या, मुलाच्या ऑफिसातले लोक एकामागोमाग एक तेच म्हणून गेले. मी मान हलवते, पाणी देते. चौतीस वर्षं शाळेत शिकवल्यामुळे चेहरा सरळ ठेवायची सवय आहे. पण खरं सांगायचं तर त्या माणसाला दंडाला धरून उठवावं आणि दाराबाहेर नेऊन सोडावं असं वाटतं. माझे पती मधुकर सातपूरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, आतल्या खोलीत, भर दुपारी गेले. मी बाहेरच्या खोलीत मेथी निवडत बसले होते. मध्ये एक दार, तेही नुसतं लोटलेलं. तीन वाजता नेहमीसारखे चहाचे दोन कप घेऊन मी आत गेले... बातमी घेऊन येणारं कुणी नव्हतंच. मीच ती पाहिली आणि मीच बाहेर येऊन सांगितली.

माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका बाईंनी आग्रह केला, म्हणून हे लिहायला बसले. ‘तुम्ही लिहा, मन मोकळं होईल,’ असं त्या म्हणाल्या. मन मोकळं होण्यावर माझा विश्वास नाही. लिहिते आहे ते एका गोष्टीसाठी. ती गोष्ट पहिल्या दिवसापासून लपवून मी लोकांचं सांत्वन घेते आहे, याची मला लाज वाटते. पण ती गोष्ट कळायला आधी आमचं घर कळायला हवं, आणि आमचं घर म्हणजे तिसरी पाळी.

हे सातपूरच्या एका कारखान्यात भट्टीवर होते. (आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव घेत नसत, मी शाळेत शिकवायचे, तरी माझ्या तोंडी शेवटपर्यंत ‘हे’च राहिले.) यंत्रांचे सुटे भाग भट्टीत लाल होईपर्यंत तापवायचे आणि नेमक्या क्षणी तेलात बुडवायचे, म्हणजे पोलाद टणक होतं, असं ते काम. क्षण चुकला तर अख्खा माल भंगारात. भट्टीला मीटर होता, पण यांचा त्या काट्यावर भरवसा नसे. झडपेच्या फटीतून आत पाहायचे आणि नुसत्या रंगावरून सांगायचे, ‘साडेसातशे झालं. अजून दहा मिनिटं.’ अशी भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत, म्हणून तीन पाळ्या. त्यातली रात्रीची, तिसरी, यांच्या वाट्याला जास्त यायची, कारण रात्री साहेब नसतो आणि तेव्हा डोळ्यांनी तापमान ओळखणारा माणूस लागतो. हे त्याचा अभिमान बाळगून होते. मला तेव्हाही वाटायचं की अभिमानाच्या नावाखाली कुणीतरी यांची झोप काढून घेतं आहे.

लग्न झालं तेव्हा मी हरसूलच्या बाजूला एका पाड्यावरच्या शाळेत होते. बदली व्हायला दोन वर्षं लागली. तोवर आमचा संसार म्हणजे हे रविवारी एसटीने यायचे तेवढाच. एकदा मात्र शनिवारी, शाळा भरलेली असतानाच दारात उभे. रात्रभर भट्टीसमोर, तिथून तसेच स्टँडवर, तिथून घाटातली एसटी. कपड्यांना तेलाचा वास, डोळे तांबारलेले. ‘तुमचं चालू द्या मास्तरीणबाई, मी इथं टेकतो,’ म्हणाले आणि व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून बसले ते बसल्या जागी झोपले. पोरं खिडकीतून माना काढकाढून बघायला लागली. एक धिटुकली मुलगी जवळ जाऊन, वाकून बघून आली आणि मला म्हणाली, ‘बाई, तुमचा पाव्हना उठतच नाय.’ सगळा वर्ग खिदळला. मी लाजेने लाल झाले आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाले, ‘शू... झोपू दे त्यांना.’ माझ्या संसारातलं हे पहिलं ‘शू’. ते मी पुढे किती हजार वेळा म्हणाले असेन, ते मला आठवत नाही.

सातपूरच्या आमच्या गल्लीत तेव्हा घरटी एक कामगार होता. तिथे एक पद्धत होती. ज्या घरातला माणूस रात्रपाळी करून आलेला असेल, त्या घराच्या फाटकावर ओला टॉवेल वाळत घातलेला असे. टॉवेल दिसला की सगळ्यांना समजायचं. भाजीवाली त्या दारासमोर ओरडायची नाही, पोस्टमन पत्र हळूच फटीतून सरकवायचा, पोरं क्रिकेटचे स्टंप उपटून पुढच्या गल्लीत जायची. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. आमचा टॉवेल निळ्या पट्ट्यांचा होता. हे अंघोळ करून यायचे, स्वतःच्या हाताने तो फाटकावर पसरायचे, चारी कोपरे ओढून नीट करायचे आणि मग आत जाऊन पडायचे. सकाळी नऊ ते दुपारी तीन. त्या सहा तासांत आमच्या घरात कुकरची शिट्टी कधी झाली नाही. मी सगळा स्वयंपाक नऊच्या आत उरकायचे. आतल्या खोलीच्या दाराला जुनी लोखंडी कडी होती, दार जरा हललं की लाकडावर आपटायची. त्या आवाजाने झोपमोड होते म्हणून यांनीच सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून तिला गुंडाळला आणि तारेने आवळला. त्यानंतर ते दार कधी वाजलं नाही.

आमची दोन मुलं, मिलिंद आणि सुजाता, या शांततेत वाढली. लोक कौतुक करायचे, ‘बाईंची मुलं किती शहाणी!’ मला ते आवडायचं. शाळेत साठ पोरांना गप्प करून यायचं आणि घरी दोघांना; माझा हातखंडाच होता. मला बोलावंही लागायचं नाही. नुसते डोळे मोठे केले की पुरे. सुजाताला चौथ्या-पाचव्या वर्षी पैंजणांचं वेड लागलं होतं. शेजारच्या मुलीच्या पायातले बघून रोज मागायची. मी घेऊन दिले नाहीत. ‘बाबांची झोपमोड होते,’ एवढंच सांगितलं आणि तिनेही पुन्हा मागितले नाहीत. मिलिंदला शिंक आली की तो उशीत तोंड खुपसायचा. मला हे सगळं तेव्हा संस्कार वाटायचे.

पण यांना स्वतःला ही शांतता हवी होती का, हे मी कधी विचारलंच नाही. एकदा त्यांनी आपणहून सांगितलं, आणि मी ऐकून सोडून दिलं. मिलिंदच्या दहावीच्या निकालाचा दिवस. अकरा वाजता तो गुणपत्रिका घेऊन धापा टाकत आला. शाळेत दुसरा आला होता. फाटकावरचा टॉवेल बघून त्याने पायऱ्यांवरच चपला काढल्या आणि आत येऊन मला कानात सांगितलं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात तोंडावर हात दाबून हसलो, रडलो. मी त्याला साखर भरवली. तीन वाजता हे उठले, चहा पिताना त्यांना कळलं. आनंदले, पोराला जवळ घेतलं, गल्लीत सगळ्यांकडे जाऊन आले. मग संध्याकाळी, मी डबा भरत असताना म्हणाले, ‘अकरा वाजता आला तो?’

‘हो. तुम्ही झोपला होतात.’

‘मग उठवायचं नाही का? चार तास झाले, अख्ख्या गल्लीला माहीत, आणि बाप आत घोरतोय.’

‘अहो, रात्रभर उभे होतात...’

‘झोप काय, उद्याही येते,’ ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मान खाली होती. ‘मी घरात असतो आणि नसतोही. बायको-पोरं पलीकडे जगतात, मला दारातून कुजबुज ऐकू येते. असं नको करत जाऊ. पुढच्या वेळी काही झालं तर उठव मला. चांगलं असो, वाईट असो, उठव.’

मी बरं म्हणाले आणि डबा हातात दिला. सायकलवरून ते गेले. मी ‘बरं’ म्हणाले होते, हे मी आज मुद्दाम लिहून ठेवते आहे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कारखाना बंद झाला. आधी गेटवर महिनोन्‌महिने बैठका, मग कागदांवर सह्या, मग एक दिवस सगळं संपलं. भट्टीवर यांच्या जोडीला युनूसभाई म्हणून होते, त्यांच्याबरोबर हे शेवटच्या दिवशी सामान आणायला गेले आणि दुपारी परत आले. हातात डबा, चष्मा, एक जाकीट. मी विचारलं, ‘झालं का सगळं?’ तर म्हणाले, ‘भट्टी गार झालीय. आत हात घालून आलो.’ आणि तो उजवा हात मला दाखवला, जणू काही त्याला काही लागलं असेल आणि मी बघावं. हाताला नुसती राखाडी धूळ होती. मी पाणी ओतलं, त्यांनी धुतला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. वर्षभरात गल्लीतले टॉवेल एकेक करत दिसेनासे झाले. भाजीवाली आता कुठेही, कितीही ओरडू शकत होती. मला आपलं वाटलं होतं की आता तरी हा माणूस चारचौघांसारखा झोपेल. पण तीस वर्षं रात्रपाळीला सरावलेलं शरीर ऐकेना. अंधार पडला की यांचे डोळे टक्क उघडे, आणि सकाळ झाली की पापण्या मिटायच्या. दोन वर्षं घरात अशी काढल्यावर एक दिवस मला न विचारता गंगापूर रोडच्या एका नव्या इमारतीत रखवालीची रात्रीची नोकरी धरून आले.

मी खूप भांडले. ‘भट्टीचा रंग ओळखणारा माणूस, आता लोकांच्या मोटारी मोजणार?’ असं तोडून बोलले. मिलिंद नोकरीला लागला होता, सुजाता सासरी सुखात होती, माझा पगार होता. कशाला हवं होतं? हे शांतपणे म्हणाले, ‘जागा तर मी असतोच. जागण्याचं काम तरी होईल.’ नव्या खाकी शर्टाला मीच बटणं लावून दिली. आणि निळ्या पट्ट्यांचा टॉवेल, विटून पांढरा पडलेला, पुन्हा फाटकावर आला. गल्लीत त्याचा अर्थ कळणारे आता दोन-तीनच जण उरले होते.

मग मैत्री आली. मिलिंदची मुलगी. आई-बाप दोघं नोकरीला, त्यामुळे ती आमच्याकडेच वाढली; मी शाळेत असताना शेजारच्या बाई तिला सांभाळायच्या. मुलांच्या वाट्याला न आलेला बाप मी नातीच्या वाट्याला आलेला पाहिला, आणि सुजाताच्या आठवणीने कधी कधी मला राग यायचा. दुपारी तीनला चहा झाला की ही जोडी ओसरीवर. रंगीत खडू पसरलेले, आजोबा मांडी घालून बसलेले. यांनी तिला रंग शिकवले ते भट्टीचे. तांबडा म्हणजे साडेसातशे, नारिंगी म्हणजे साडेनऊशे, पिवळा म्हणजे अकराशे. बालवाडीच्या बाईंनी मला बोलावून घेतलं, ‘आजी, ही सफरचंदाचा रंग साडेसातशे सांगते हो!’ मी घरी येऊन यांना झापलं तर पोट धरून हसले. ‘बरोबर सांगितलं की. पिकलेलं असेल तर आठशे,’ म्हणाले. इतकं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

तिसऱ्या वाढदिवसाला त्यांनी तिला पैंजण आणले. चांगले घुंगरांचे, घरभर वाजणारे. मी म्हटलं, ‘तुमच्या झोपेचं काय?’ तर म्हणाले, ‘त्याने मला जाग येत नाही. पैंजण वाजले की घरात माणसं आहेत असं वाटतं, बरी झोप लागते.’ सुजाता त्या दिवशी आलेली होती. मैत्रीच्या पायात पैंजण तिनेच घातले. आणि मी? मी सवयीची गुलाम. मी घरी असेन तेव्हा, हे कामावरून येऊन आत पडले की मी मैत्रीला मांडीवर घ्यायचे, पैंजण काढायचे आणि डबीत ठेवायचे. तीन वाजता पुन्हा घालायचे. यांना ते माहीत होतं. ‘राहू दे गं तिच्या पायात,’ असं आतून म्हणायचे. मी राहू देत नव्हते.

आता तो दिवस. थंडी होती. मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, मैत्रीच्या शाळेला सुट्टी होती. हे साडेसातला आले, सायकल भिंतीला लावली आणि जरा वेळ तिथेच उभे राहिले. म्हणाले, ‘छातीत जळजळतंय. रात्री वडा खाल्ला एक, तो बाधला.’ मी ओवा-मीठ कोमट पाण्यातून दिलं. खांदाही अवघडलाय म्हणाले, डावा. मी तेल चोळून दिलं आणि वर सुनावलंही, ‘खुर्चीत बसून रात्र काढायची हौस तुम्हालाच.’ ते हसले. टॉवेल फाटकावर घालायला गेले, पण चार कोपरे ओढले नाहीत, तसाच टाकला. ते मला दिसलं होतं. आत जाताना मैत्रीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, ‘तीन वाजता साडेनऊशेचं घर काढू.’ दार लोटलं. मी मैत्रीला मांडीवर घेतलं. आतून आवाज आला, ‘राहू दे तिच्या पायात.’ मी पैंजण काढले.

बाराचा भोंगा नुकताच झाला होता. मैत्रीचा तांबडा खडू आतल्या खोलीत राहिला होता, तो आणायला ती हळूच गेली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, ‘आजी, आजोबा वेगळंच घोरतायत.’

मी मेथीतून मान वर न काढता म्हणाले, ‘शू... नाईट करून आलेत. झोपू दे त्यांना.’

ती बसली. कागदावर काहीतरी काढू लागली. पण तिचं लक्ष नव्हतं. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा उठली, दाराशी गेली, आत डोकावली. परत येऊन माझ्या अगदी कानाशी लागून, मी शिकवल्याप्रमाणे कुजबुजत म्हणाली, ‘आजी, आता घोरत नाहीयेत.’

आणि मी तिच्याकडे डोळे मोठे करून बघितलं आणि म्हणाले, ‘बघ, लागली ना शांत झोप? मग आता अजिबात आवाज करायचा नाही.’

ही ती गोष्ट. तीन वाजेपर्यंत मैत्रीने खरंच आवाज केला नाही. खडूचाही केला नाही. खडू हातात धरून नुसती दाराकडे बघत बसली होती. मी मेथी निवडून संपवली, ती धुतली, घड्याळ बघितलं, चहा टाकला, आलं ठेचताना आवाज होतो म्हणून ठेचलंही नाही, नुसतं चिरून घातलं... नवरा पलीकडे जाऊन पडलेला आणि मी त्याची झोपमोड होऊ नये म्हणून आलं चिरत होते.

कोपऱ्यावरचे डॉक्टर धावत आले. हात लावून, डोळे बघून म्हणाले, अडीच-तीन तास झाले असतील. शेजारच्या बाईंनी तरी खात्री करावी म्हणून यांच्या नाकाशी बोट धरून बघितलं. मैत्री दारात उभी राहून ते सगळं बघत होती, तिला तिथून न्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मी डॉक्टरांना विचारलं, ‘बाराला उठवलं असतं, दवाखान्यात नेलं असतं, तर?’ ते माझ्याकडे बघून म्हणाले, ‘सांगता येत नाही, बाई.’ ते खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. ‘काही उपयोग नव्हता’ म्हणाले असते तर मी ते धरून उरलेली वर्षं काढली असती. ‘सांगता येत नाही’ हे मी रोज उठून ऐकते आणि त्याच्यावर रात्री पडते.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, गेलेल्या माणसासाठी वंदना म्हणायला सगळे जमतात तेव्हा, युनूसभाई आले. माझ्यासमोर बसून बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘भाभी, मधूभाई कधी एक मिनिट चुकला नाही. नींद में गया, तकलीफ नहीं हुई, ये बड़ी बात है.’ थोरले दीर म्हणाले, ‘नशीबवान लेकाचा. हालहाल नाय झाले, कुनाला तरास नाय दिला. लय गुनी होता.’ कुणाला त्रास दिला नाही! मला ओरडावंसं वाटलं, की द्यायचा होता हो त्यांना त्रास. त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, उठव म्हणून. आतून जो आवाज करता येत होता तो केला त्यांनी. घरातल्या सगळ्यांत लहान माणसाने तो ऐकला आणि घरातल्या सगळ्यांत शहाण्या बाईने त्या माणसाला गप्प बसवलं. पण माझा चेहरा सरळ राहिला आणि मी दोघांना खीर वाढली.

शेवटी पंधरा दिवसांपूर्वी मी मिलिंदला सांगितलं. सकाळची वेळ, तो बूट घालत होता. सगळं सांगितलं, बाराचा भोंगा, दोन वेळा आलेली मैत्री, माझे डोळे. मला वाटलं होतं तो चिडेल. चिडायला हवा होता. त्याने हातातला बूट खाली ठेवला आणि म्हणाला, ‘आई, मी असतो ना घरात, तरी नसतं उठवलं.’ त्याला वाटलं, याने माझं ओझं हलकं होईल. पण तेव्हाच मला खरं काय ते कळलं आणि मी जी कोसळले ती अजून उठलेली नाही. खरं आहे. आमच्या घरातल्या कुणीच त्यांना उठवलं नसतं. सगळ्यांना मी तेवढं नीट शिकवून ठेवलं होतं.

मैत्रीलाही सांगितलं. तिला समोर बसवून म्हणाले, ‘तू बरोबर सांगितलं होतंस बाळा. आजी चुकली. तू काही चुकली नाहीस.’ तिने माझ्याकडे नीट बघितलं. सहा वर्षं पुरी व्हायची आहेत अजून तिला. मला म्हणाली, ‘मग मी मोठ्याने सांगायला हवं होतं का?’

चौतीस वर्षं पोरांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. याला नाही देता आलं. तिला जवळ घेतलं, तर ती अवघडून उभी राहिली आणि थोड्या वेळाने खेळायला निघून गेली.

टॉवेल मी घडी करून कपाटात ठेवला आहे. सायकल मिलिंदने युनूसभाईंच्या जावयाला दिली. कडीवरची ट्यूब मात्र मी विळी घेऊन कापायला बसले होते एका सकाळी. वाजू दे आता दार, म्हटलं, किती वाजायचं ते. पण इतक्या वर्षांत ते रबर लोखंडाला असं चिकटलं आहे की सुटत नाही. तुकडे निघाले थोडे, बाकी तसंच आहे. तार गंजून आत रुतली आहे. तेव्हा दार अजूनही वाजत नाही. मैत्रीच्या पायात पैंजण मात्र मी घातले, आणि डबी फेकून दिली. सकाळ-दुपार आता ते घरभर वाजतात. यांना हवं होतं तसं.

दुपारी मी आता यांच्या खाटेवर पडते. झोप लागत नाही, नुसती डोळे मिटून पडते. परवा अशीच पडले होते. बाहेरच्या खोलीतून पैंजण वाजत दाराशी आले आणि थांबले. मग जमिनीवर घुंगरं हलकेच टेकल्याचा आवाज झाला, आधी एका पायाची, मग दुसऱ्या पायाची. आजीची झोपमोड व्हायला नको म्हणून तिने ते दाराबाहेर काढून ठेवले होते. दार उघडलेलं मला ऐकूच आलं नाही. एकदम नाकाशी एक लहानसं बोट आलं, मेणखडूच्या वासाचं, आणि तिथेच थांबून राहिलं. तेव्हापासून ती रोज येते. मी डोळे उघडत नाही, तिला काही म्हणत नाही. तिला बाहेरपर्यंत ऐकू जाईल असा मोठ्याने श्वास घेते, सोडते, आणि ती बोट काढेपर्यंत घेतच राहते.